पाटी कोणाची, गल्ला कोणाचा

पत्र असं आहे, थोडं आटोपशीर करून देते:

"ताई, राजेंद्रनगरला आमचं किराणा दुकान आहे. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, 1978 साली सुरू केलं. जागा कोपऱ्यावरची, स्वतःची, रजिस्ट्री नानांच्याच नावावर. नाना आता 81 वर्षांचे आहेत, सकाळी दोन तास अजून गल्ल्यावर बसतात. मुलगा 26 वर्षांचा, बीबीए झालाय. मार्चमध्ये मित्रांबरोबर बँकॉकला जाऊन आला आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात सेव्हन-इलेव्हन ही दुकानांची साखळी शिरलीय. म्हणतो, तिथे पन्नास पावलांवर एक दुकान आहे, इंदुरात एकही नाही, पहिला जो घेईल तो राजा. नेटवर कुठेतरी फॉर्म भरला, दुसऱ्या दिवशी फोन हजर. इंदूरची एकच फ्रँचायझी शिल्लक आहे, 2,51,000 भरून बुक करा, एकूण खर्च 28 लाख, दरमहा सव्वा लाखाची हमी. ईमेलवर पत्रही आलं, वर चिन्ह, खाली गोल शिक्का. दोन दिवसांत उत्तर मागत होते, मी कसेबसे आठ दिवस मागून घेतलेत. सौ. एफडी मोडायला तयार. नाना म्हणतात, मी असेपर्यंत पाटी उतरणार नाही. मला एवढंच सांगा, ही कंपनी नक्की कोणाची? अमेरिकेची, जपानची की अंबानींची? आणि घ्यावी की नाही? मुलगा माझ्याशी धड बोलत नाहीये. नाव छापू नका. एक दुकानदार, इंदूर."

दादा, सप्रेम नमस्कार.

आधी पैशांचं. ते 2,51,000 भरू नका, एफडीला हात लावू नका. हे वाचेपर्यंत भरून झाले असतील तर वाचन इथेच थांबवा, 1930 या सायबर फसवणुकीच्या नंबरवर फोन लावा, बँकेला कळवा, आणि मगच पुढचा मजकूर वाचा. भरले नसतील तर त्या पत्रातलं एकच काहीतरी बघा: पैसे ज्या खात्यात मागितलेत ते खातं कोणाच्या नावावर आहे? पैज लावते, एखाद्या माणसाचं असेल नाहीतर कुठल्यातरी कधी न ऐकलेल्या 'एंटरप्रायजेस'चं. चाळीस वर्षं मी या गावातल्या दुकानदारांच्या वह्या तपासल्या. दर महिन्याला नफ्याची हमी देणारा धंदा मला त्यात एकही सापडला नाही. हमी देणारे मात्र सापडले, दोघा-तिघांचे पत्ते पुढे पोलीस शोधत होते.

हा प्रकार नवा नाही. 2020 मध्ये रिलायन्स रिटेलला जाहीर सूचना काढावी लागली होती की जिओमार्टची फ्रँचायझी आम्ही कोणालाही देत नाही, आमच्या नावाने पैसे मागणाऱ्या वेबसाइटी खोट्या आहेत. नाव मोठं असलं की त्याच्या सावलीत असले लोक बसतातच. तुमच्या मुलाची अक्कल कमी पडली असं मी म्हणणार नाही. फॉर्म भरला, फोन आला, पत्र आलं, सगळं क्रमाने झालं. त्याने एवढंच विचारायचं राहिलं की हे विकायचा हक्क या माणसाकडे आला कुठून? आणि तुमचा पहिला प्रश्न नेमका तोच आहे, म्हणून तो मला आवडला.

कंपनी कोणाची, तर तुमची तिन्ही उत्तरं बरोबर आहेत.

सुरुवात अमेरिकेत, टेक्सासमधल्या डॅलस शहरात, 1927 साली. आणि सुरुवात कशाने, तर बर्फाने. घरोघरी फ्रिज नव्हते, लोक बर्फाच्या लाद्या न्यायला येत. साउथलँड आइस नावाच्या कंपनीच्या एका डेपोवर बर्फासोबत दूध, पाव, अंडी ठेवायला लागले, कारण किराणावाले संध्याकाळी आणि रविवारी बंद असत आणि बर्फवाला उघडा. लोकांना ते सोयीचं झालं, कंपनीने इतर डेपोंवर तेच सुरू केलं. 1946 मध्ये सकाळी 7 ते रात्री 11 या वेळेवरून नाव पडलं सेव्हन-इलेव्हन. (तुमचं दुकान किती वाजता उघडतं हो? नाना सातला हजर असतील, आणि शटर साडेदहा-अकराच्या आधी पडत नसेल. म्हणजे नाव सोडलं तर बाकी तुम्ही 1978 पासून तेच चालवताय.) 1964 पासून अमेरिकेत त्यांनी फ्रँचायझी द्यायला सुरुवात केली, म्हणजे पाटी आणि पद्धत कंपनीची, दुकान चालवणारा दुसरा.

मग जपान. इतो-योकादो नावाच्या तिथल्या एका मोठ्या दुकानदार कंपनीने 1973 मध्ये अमेरिकनांशी करार केला आणि 1974 च्या मे महिन्यात टोकियोच्या तोयोसु भागात पहिलं दुकान उघडलं. ते मुळात दारूचं दुकान होतं, कोपऱ्यावरच्या एका माणसाचं, कंपनीने त्याचंच रूप पालटलं. पुढे अमेरिकेत मूळ कुटुंबाने 1987 मध्ये कर्ज काढून शेअर परत विकत घेतले, ते कर्ज अंगावर आलं, 1990 मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात जावं लागलं, आणि 1991 मध्ये जपान्यांनी 70 टक्के हिस्सा घेतला. 2005 मध्ये उरलेलाही घेतला. ज्याने पाटी भाड्याने आणली होती त्याने सतरा वर्षांत पाटीच्या मालकाचंच घर ताब्यात घेतलं. आज टोकियोची सेव्हन अँड आय होल्डिंग्ज ही सगळ्यात वरची मालक, अमेरिकेतली कंपनी तिच्या पोटात. जगभरात मिळून 80 हजारांच्या वर दुकानं. त्या वरच्या मालकालाही 2024 मध्ये कॅनडाच्या एका कंपनीने, सर्कल के ही दुकानांची साखळी ज्यांची आहे त्यांनी, अख्खं विकत घ्यायचा प्रस्ताव दिला होता. जवळजवळ वर्षभर बोलणी चालली, 2025 च्या जुलैमध्ये त्यांनी प्रस्ताव मागे घेतला. त्या वर्षात जगातल्या हजारो दुकानदारांना आपल्या पाटीचा मालक उद्या कोण असेल हे पेपर वाचूनच कळणार होतं.

हे ऐकून तुमचा मुलगा म्हणेल, बघा, जपान्यांनी पाटी घेऊन मालकी मिळवली की! त्याला सांगा, मिळवली ती इतो-योकादोने. तिने अख्ख्या देशाचा हक्क घेतला होता. तोयोसुचा दारूवाला दुकानदार होता, दुकानदारच राहिला. दोघांनीही एकाच वर्षी तीच पाटी लावली, पण दोघांचे करार वेगळे होते.

आता भारत. परदेशी कंपनीला इथे सगळ्या प्रकारच्या मालाचं किरकोळ दुकान स्वतः थाटायचं तर परवानग्यांचा डोंगर आहे: 51 टक्क्यांपर्यंतच हिस्सा, सरकारची मंजुरी, शिवाय त्या त्या राज्याची संमती. म्हणून सोपा मार्ग असा की इथल्या एखाद्या बड्या घराला देशाचा हक्क द्यायचा. याला मास्टर फ्रँचायझी म्हणतात. 2019 च्या फेब्रुवारीत तो फ्यूचर समूहाला मिळाला. बिग बझार ज्यांचं होतं, तेच. अडीच वर्षं उलटली, एकही दुकान उघडलं नाही, ठरलेली फी थकली, आणि 2021 च्या ऑक्टोबरात करार संपला. दोनच दिवसांत रिलायन्स रिटेलने जाहीर केलं की आता आम्ही, आणि 9 ऑक्टोबरला मुंबईत अंधेरी पूर्वेला पहिलं दुकान उघडलंसुद्धा. तेव्हा अंबानींची म्हणालात तेही खरं, पण भारतापुरतं आणि करार आहे तोवर. देशभर दुकानं चालवणाऱ्या समूहाच्या हातून पाटी जाऊ शकते, तर राजेंद्रनगरच्या दुकानाचं काय घेऊन बसलात?

यातून तुमच्या फोनवाल्याचा निकाल लागतो. भारतात या नावाचं दुकान कोणाला द्यायचं हे ठरवणारी कंपनी एकच आहे. तिच्या अधिकृत पत्त्यावर लेखी विचारा, "इंदूरसाठी तुम्ही अमुक माणसाला नेमलंय का?" पत्र मुलाकडूनच लिहून घ्या. त्याला स्वतःच्या डोळ्यांनी उत्तर दिसू दे, तुमच्या तोंडून नको.

बँकॉकबद्दलही थोडं, कारण मुलाने तिथे जे पाहिलं ते खोटं नाही. थायलंडमध्ये हा हक्क 1988 पासून सीपी समूहाकडे आहे, पहिलं दुकान पटपाँग रस्त्यावर 1989 मध्ये उघडलं, आज 15 हजारांच्या वर आहेत. पण त्यातली जवळपास निम्मी दुकानं कंपनी स्वतः चालवते. शिवाय समूह मुळात कोंबड्या आणि खाद्यपदार्थांच्या धंद्यातला, म्हणजे दुकानात गरम होणारं जेवणही बरंचसं घरचंच. मुलाने काउंटरवर टोस्टी, म्हणजे गरम केलेलं सँडविच, खाल्ली असेल, तिच्यामागे कारखाना, गोदाम, रात्रीची गाडी हे सगळं उभं आहे. ते पाटीसोबत कुरिअरने येत नाही.

समजा उद्या खरीखुरी कंपनी, खरा करार घेऊन तुमच्या दारात आली. मग? इथे माझा खरा सल्ला सुरू होतो, आणि जरा वही-पेन घेऊन बसा, कारण आकडे आहेत.

अशा साखळ्या बहुतेक ठिकाणी दुकानदाराकडून विक्रीवर नव्हे, ढोबळ नफ्यावर वाटा घेतात. ऐकायला रास्त वाटतं: नफा झाला तर वाटा, नाही झाला तर नाही. पण ढोबळ नफा मोजायचा कसा, यावर जपानमध्ये वर्षानुवर्षं भांडणं झाली. सोपे आकडे घेऊन दाखवते. तुम्ही 10 सँडविच मागवले, 60 रुपयांना एक. विक्रीची किंमत 100. संध्याकाळपर्यंत 7 खपले, 3 ची तारीख संपली, कचऱ्यात गेले. नानांना विचारा नफा किती. ते बोटांवर सांगतील: आले 700, गेले 600, उरले 100. कंपनी आणि दुकानदार निम्मे-निम्मे म्हटलं तर 50 तुझे, 50 माझे.

साखळीच्या वहीत असं होत नाही. तिथे म्हणतात, विकले 7, त्यांची खरेदी 420, म्हणून ढोबळ नफा 280. त्यातले निम्मे 140 कंपनीचे. उरलेल्या 140 तून दुकानदाराने टाकून दिलेल्या तीन सँडविचचे 180 सोसायचे. हातात काय? उणे 40. सँडविच तेच, दिवस तोच, कंपनी 140 ने वर आणि तुम्ही 40 ने खाली.

आता तुम्ही म्हणाल, ताई, मी वेडा आहे का, संध्याकाळी सातला ते तीन सँडविच निम्म्या भावात काढीन. काढा. विक्री झाली 850, खरेदी 600, नफा 250, दोघांना 125. तुम्ही उणे 40 वरून 125 वर आलात. पण कंपनी 140 वरून 125 वर उतरली! म्हणूनच जपानमध्ये मुख्यालयाची माणसं दुकानदारांना भाव उतरवू देत नव्हती. 2009 च्या जूनमध्ये तिथल्या व्यापार आयोगाने सेव्हन-इलेव्हन जपानला हे थांबवायचा आदेश दिला. त्यानंतर कंपनीने वाया गेलेल्या मालाच्या खर्चातला 15 टक्के भार उचलायचं कबूल केलं. पंधरा!

हे मी इतकं लांबवलं त्याला कारण आहे. करारावर वकील कलमं तपासेल, सीए फी तपासेल, पण 'ढोबळ नफा' या दोन शब्दांची व्याख्या शेवटच्या पानावरच्या बारीक टायपात असते आणि तिकडे कोणी जात नाही. कुठल्याही साखळीची पाटी घ्या, चहाची असो की पिझ्झाची, आधी ते पान उघडा. फेकलेला माल कोणाच्या खात्यात? चोरीला गेलेला? उंदराने कुरतडलेला?

आणि गल्ला. जपानमध्ये दिवसाची विक्री रोज मुख्यालयाच्या खात्यात जाते, मग हिशेब होऊन दुकानदाराचा भाग परत येतो. अमेरिकेतही रोजची रक्कम कंपनीच्या खात्यात भरावी लागते. नाना रात्री गल्ला मोजतात ना, दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या नोटा वेगळ्या लावून, रबर घालून? त्या नोटा दुसऱ्याच्या. महिन्याअखेरीस तुम्हाला चिठ्ठी.

एकतर्फी बोलतेय असं वाटू नये म्हणून दुसरी बाजू सांगते. जपानी करारात दुकानदाराला किमान उत्पन्नाची तरतूद असते, विजेच्या बिलाचा मोठा हिस्सा कंपनी उचलते, माल दिवसातून अनेकदा ताजा येतो, कुठली वस्तू कुठल्या तासाला खपते याची नोंद यंत्र ठेवतं. स्वतःची जागा आणणाऱ्याला वाटाही कमी द्यावा लागतो. तोयोसुचं ते पहिलं दुकान अजून चालू आहे. करार नीट असेल, माणूस तरुण असेल, घरातले चौघे पाळ्या करणारे असतील, तर या पाटीवर अनेकांनी घरं बांधली आहेत. करार मात्र 15 वर्षांचा असतो. तुमचा मुलगा तेव्हा 41 वर्षांचा असेल.

पाळ्यांचं बोलले म्हणून चोवीस तासांचंही बोलते. 2019 च्या फेब्रुवारीत हिगाशी-ओसाका गावातल्या एका दुकानदाराला माणसं मिळेनात, म्हणून त्याने रात्री 1 ते सकाळी 6 शटर लावायला सुरुवात केली. बरोबर पाच तास. कंपनीने आधी दंडाची भाषा केली, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी करार तोडला. भांडण कोर्टात गेलं. ते चालू असताना कंपनीने त्या बंद दुकानाच्याच पार्किंगमध्ये दुसरं तात्पुरतं दुकान उभं केलं! 2022 मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. करार तोडण्यामागे ग्राहकांच्या तक्रारी होत्या, असं कंपनीचं म्हणणं होतं आणि ते कोर्टाला पटलं.

मुलगा म्हणेल, इंदूर तर रात्री जागणारं गाव आहे. आहेच. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांवर सराफ्यात खाणं मांडलं जातं, आणि रात्री एकला गराडूला, म्हणजे तळलेल्या कंदाला, रांग असते. पण सराफा पिढ्यांच्या सवयीने जागतो. बाकीच्या गावाला जागवायचा प्रयत्न सरकारने 2022 मध्ये केला, बीआरटीएसच्या, म्हणजे खास बसमार्गाच्या, पट्ट्यावर चोवीस तास दुकानांना परवानगी दिली, आणि 2024 मध्ये काढून घेतली. चोवीस तासांच्या पाटीला चोवीस तासांची परवानगी लागते, ती कोणाच्या हातात आहे हे तुम्ही बघितलंतच. आणि राजेंद्रनगरात पहाटे तीनला कोण येणार आहे? पहिल्या गाडीने गावी निघालेला एखादा, तोही एक पाण्याची बाटली घेऊन पाचशेची नोट काढणारा.

माझ्या मावसभावाची गोष्ट थोडक्यात. त्याने इथेच एका चहाच्या साखळीची पाटी घेतली, नाव सांगत नाही. फी भरली, रंग त्यांचा, खुर्च्या त्यांच्या. हिशेब माझ्याकडे यायचा. वर्षभर मला कळेना, दिवसाला चारशे कप विकून पोराच्या हातात काही का राहत नाही. एकदा बिलं पसरून बसले. कागदी कप कंपनीकडूनच घ्यायचा, 3 रुपये 10 पैसे. तसाच कप, छापलेलं चिन्ह सोडून, सियागंजच्या घाऊक बाजारात 1 रुपया 15 पैशांना. एका कपामागे जवळपास दोन रुपये, दिवसाला आठशे, महिन्याला चोवीस हजार. रॉयल्टी करारात दिसत होती, ही दिसत नव्हती. त्याने तिसऱ्या वर्षी पाटी उतरवली. खुर्च्या अजून गच्चीवर आहेत, लग्नकार्याला आम्ही वापरतो.

कायद्याचं थोडक्यात. अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याला सगळी माहिती, आधीच्या खटल्यांसकट, सही किंवा पैशांच्या किमान 14 दिवस आधी लेखी द्यावी लागते. (तुमच्या फोनवाल्याने दोन दिवस दिले होते.) भारतात फ्रँचायझीचा असा वेगळा कायदाच नाही. 1872 चा करार कायदा, ट्रेडमार्कचा कायदा आणि तुम्ही सही केलेला कागद, बस. म्हणून इथे कागद वाचणं जास्त जरुरीचं. वाद झाला तर लवाद कुठल्या शहरात बसेल ते कलम बघा. मुंबई लिहिलं असेल तर प्रत्येक तारखेला अवंतिका एक्सप्रेसचं तिकीट तुमच्या खिशातून. आणि तुम्ही जीएसटीत कंपोझिशनवाले, म्हणजे विक्रीवर ठरावीक दराने कर भरणारे असाल, अनेक छोटे दुकानदार असतात, तर रॉयल्टीवरचा 18 टक्के कर तुम्हाला परत मिळणार नाही, तो निव्वळ खर्च.

आता ती गोष्ट, जी तुमच्या पत्रात एका ओळीत येऊन गेली आणि तुम्हाला वाटलं ती फक्त माहिती आहे: "जागा कोपऱ्यावरची, स्वतःची, रजिस्ट्री नानांच्याच नावावर."

दादा, साखळीकडे नाव आहे, माल आहे, यंत्रं आहेत. तिच्याकडे कोपरा नाही. कोपरा तुमच्याकडे आहे. अशी कुठली खरी कंपनी इंदुरात आलीच, तर ती तुमच्यासारख्यांचे कोपरे शोधत फिरेल. तेव्हा तुमच्यासमोर दोन खुर्च्या असतील, दुकानदाराची आणि घरमालकाची. दुकानदार झालात तर 28 लाख तुमचे, जागा तुमची, रात्रपाळी तुमची, फेकलेले सँडविच तुमचे. घरमालक झालात तर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला भाडं. मला विचाराल तर या पाटीखाली दुसरी खुर्ची जास्त मऊ आहे. मात्र त्या करारातही एक खोड असते: भाडेकरू कंपनीला कधीही जाता येतं आणि मालक नऊ वर्षं बांधलेला राहतो. दोघांना सारखं बांधा, भाडेवाढ आकड्यात लिहून घ्या, आणि वर्षाहून जास्त मुदतीचा करार रजिस्टर केल्याशिवाय चावी देऊ नका.

आणि यातलं काहीही करायचं तर सही कोणाची लागेल? नानांची. फ्रँचायझी म्हणा, भाडं म्हणा, कर्जाला तारण म्हणा. तुम्ही, सौ. आणि मुलगा महिनाभर ज्यावर भांडताय, त्याचं उत्तर द्यायचा अधिकार तुम्हा तिघांपैकी कोणाकडेच नाही. तो सकाळी दोन तास गल्ल्यावर बसतो. त्यांनी उत्तर देऊनही टाकलंय, फक्त तुम्ही ते म्हाताऱ्याचा हट्ट म्हणून ऐकलंत.

राहिला मुलगा. तो बोलत नाही कारण त्याला वाटतं, बाबांनी माझ्या कल्पनेला नाही म्हटलं. तुम्ही म्हणालात का? पत्रावरून तरी वाटत नाही. तुम्ही नुसतं "बघू" म्हणत आठ दिवस काढताय, आणि तरुण पोराला नकारापेक्षा "बघू"चा जास्त राग येतो. त्याने बँकॉकमध्ये काय पाहिलं ते त्याला नीट विचारा. थंड कपाट दारासमोर होतं की मागे? पाण्याच्या बाटल्या कुठे, चार्जिंगची वायर कुठे? बिल किती सेकंदात झालं? डोळे उघडे ठेवून गेला असेल तर सांगेल. मग त्याला दुकानाची पुढची आठ फूट जागा द्या, तीन महिन्यांसाठी. पाटी नानांचीच. दीड-दोन लाखांत काचेचं थंड कपाट, बारकोडचं बिलिंग, बरे दिवे. ताक, भिजवलेले मूग, लवकर शिळे न होणारे लाडू, उपासाला साबुदाण्याची खिचडी बंद डब्यात. खिचडी घरी करणार असाल तर तुमच्या फूड लायसन्समध्ये तयार पदार्थ आहेत का ते आधी बघा, बहुतेक फक्त किराणा असेल. आणि त्याला रोज लिहायला लावा: काय आणलं, काय विकलं, काय फेकलं. तिसरा रकाना लाल पेनने.

तीन महिन्यांनी ती वही घेऊन दोघं माझ्याकडे या, सकाळी अकरानंतर. त्या लाल रकान्यात काय आहे ते मला बघायचंय. येताना फोनवाल्याचं ते शिक्क्याचं पत्रही आणा. माझ्याकडे अशा पत्रांची एक फाइल आहे.